दोन घोट पाणी

बसच्या रांगेत माझ्या मागे व्हीलचेअरवर एक म्हातारी आणि खुर्ची ढकलणारी तिची लेक.

“आई, दोन घोट पाणी घे. ओठ बघ कसे सुकलेत.”

“नको गं. हॉटेलवर पोचल्यावर पिते.”

“पोचायला संध्याकाळ होईल! सकाळचा चहाही तसाच ठेवलास.”

“कालपासूनच बंद केलंय सगळं. वाटेत मला बाथरूमला उचलून न्यायला नको तुला.”

“काय बोलतेस काय! म्हणजे मागच्या सहलीत बसमध्ये शुद्ध हरपली तुझी, ती यामुळे?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“आणि मी जगाला सांगत सुटलेय, आमची आई प्रवासात काडीचा त्रास देत नाही म्हणून!”

“मग? दिला का कधी?”