पळायची पिशवी

योसाकु : ती बिस्किटं काढू नकोस. चांगली आहेत.

फुमिए : बाबा, मार्चमध्येच मुदत संपली त्यांची.

योसाकु : माझी तर कधीचीच संपली. तरी ठेवलंयस ना घरात?

फुमिए : तुम्हाला पिशवीत भरायचं नाहीये, म्हणून. ही चहाबरोबर खाऊन टाकू, नवीन आणलीत मी. पाण्याच्या बाटल्या द्या इकडे. तीनच. चौथी तुम्हाला झेपणार नाही.

योसाकु : कोण म्हणतं? चाळीस वर्षं समुद्रात पिकवलेल्या शेवाळाचे ओले दोर ओढलेत ह्या हातांनी.

फुमिए : ओढलेत. आणि गेल्या आठवड्यात तांदळाचं पोतं उचललंत आणि तीन दिवस पाठीला पट्ट्या लावून पडून होतात. तीनच. रेडिओ झाला, विजेरी झाली, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या झाल्या. शिट्टी पिशवीत नाही टाकायची, गळ्यात घाला.

योसाकु : ह्या वयात शिट्ट्या मारायला लावतेस सासऱ्याला.

फुमिए : ढिगाऱ्याखाली ओरडून ओरडून घसा बसतो माणसाचा. शिट्टीला तेवढा दम लागत नाही. आणि हा कागद राहिलाय. शाळेने दिलाय सुझुनोला. भूकंप झाला, समुद्राचं पाणी चढलं तर घरातल्या कुणी काय उचलायचं आणि कुठे भेटायचं. तिने भरलाय, आपण दोघांनी खाली सहीचे शिक्के मारायचेत.

योसाकु : वाचून दाखव. माझा चष्मा तूच कोंबलास पिशवीत.

फुमिए : भेटायची जागा, टेकडीवरचं देऊळ. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, जो जिथे असेल त्याने तिथून वर पळायचं. आई, मोठी पिशवी. आजोबा, छोटी पिशवी आणि औषधं. सुझुनो, पाणी आणि पितरांच्या पाट्या.

योसाकु : काय आणि काय?

फुमिए : पाट्या. देव्हाऱ्यातल्या, आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाच्या. खाली अजून लिहिलंय तिने. 'त्या घरात राहिल्या तर मी मागे जाऊन आणीन. घरात मीच सगळ्यांत जोरात पळते.'

योसाकु : खोड ते.

फुमिए : शाईने लिहिलंय, बाबा.

योसाकु : मग फाड. शाळेकडून दुसरा कागद माग. म्हणावं, म्हाताऱ्याने चहा सांडला.

फुमिए : एवढं काय झालं, बाबा?

योसाकु : तिच्या डोक्यात हे भरवलं कुणी?

फुमिए : आपणच. चौदा वर्षं काय सांगत आलोय तिला? तुझे बाबा आपल्याबरोबर टेकडीवर सुखरूप पोचले होते, पण शेजारच्या आजी दिसेनात, म्हणून त्यांना आणायला खाली गेले, ते परत आलेच नाहीत. पोरीला वाटतं, आपल्या घरात शूर माणसं मागे जातात. तिच्या वर्गात निबंधसुद्धा वाचला तिने त्याच्यावर. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात.

योसाकु : बसलो होतो. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, जमिनीने पोटात घ्यावं. ती शेजारच्या आजींची गोष्ट रचली कुणी? मीच ना? तू फक्त हो ला हो म्हणालीस.

फुमिए : म्हणाले.

योसाकु : देवळाच्या पायरीवर मीच त्याला विचारलं, पाट्या घेतल्यास का. त्याने पिशवी उपसली. पाट्या नाहीत. म्हणाला, माझ्याकडून राहिल्या. मग मी सुटलो. चौतीस वर्षांचा घोडा झालास, आईला जाऊन वर्ष नाही झालं, तिची पाटी घ्यायची आठवण राहत नाही तुला? जा, वेळ आहे अजून. परवाच्या धक्क्यानंतर तर घोट्याएवढंही पाणी आलं नव्हतं.

फुमिए : मला माहीत आहे. मी शेजारीच उभी होते.

योसाकु : तरी तू चौदा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाहीस. दर वर्षी ही पिशवी उपसायला बसलो की वाटायचं, आज बोलेल. आज माझा उद्धार करेल. तू आपली बिस्किटांच्या तारखा बघायचीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं. एका घरात राहून मला तुझ्याकडे नीट बघवत नाही.

फुमिए : मी कुठल्या तोंडाने शिव्या घालणार? तुमच्या मुलाकडून, ताकाकडून राहिल्या नव्हत्या त्या. मी काढल्या होत्या.

योसाकु : तू? कधी?

फुमिए : दोन दिवस आधी तो छोटा धक्का बसला ना, त्याच्यानंतर. पिशवी परत लावत होते. सुझुनोच्या दुधाच्या पावडरचा डबा काही केल्या बसेना. दोन्ही पाट्या तळाशी होत्या, कापडात गुंडाळलेल्या. मी त्या काढून परत देव्हाऱ्यात ठेवल्या. म्हटलं, उद्या मोठी पिशवी आणू. दुसऱ्या दिवशी तुमची होडीवरची माणसं जेवायला होती, त्या गडबडीत राहून गेलं.

योसाकु : ताकाला माहीत होतं?

फुमिए : रात्री सांगितलं होतं त्याला. हसला. म्हणाला, आईला चालेल, नातीच्या दुधासाठी ती स्वतःच उठून बाहेर गेली असती. फक्त बाबांना सांगू नकोस.

योसाकु : आणि देवळात म्हणाला, माझ्याकडून राहिल्या.

फुमिए : त्याने आधी माझ्याकडे बघितलं एकदा. मग म्हणाला. मी बाळाला घेऊन मान खाली घालून उभी. तुमची फार भीती वाटायची मला तेव्हा. सासूबाई नुकत्याच गेलेल्या, घर माझ्या हातात आलेलं, आणि त्यांचीच पाटी मी डब्यासाठी बाहेर काढलेली. नुसतं एवढं म्हणायचं होतं, बाबा, त्याची चूक नाही, मी काढल्या. तुम्ही मला तिथेच झापलं असतं.

योसाकु : झापलंच असतं.

फुमिए : चांगलं अर्धा तास.

योसाकु : माझी सवय बघता, हो. अर्धा तास.

फुमिए : तेवढ्यात पाणी आलं असतं. आणि तो देवळातच असता. आपल्या दोघांच्या मधे उभा राहून म्हणाला असता, बाबा, जाऊ द्या ना आता. मी रोज हे ऐकते हो. भांडी घासताना ऐकते.

योसाकु : डबा घेतलास ते बरोबर केलंस, फुमिए. तीन दिवस त्याच्यावर जगली पोर. हे मला तेव्हाच कळत होतं. आसऱ्याला गेलो त्या शाळेच्या थंडगार फरशीवर तू तिला बाटलीने पाजत होतीस, मी बघत होतो. म्हणावंसं वाटलं, नाही म्हटलं.

फुमिए : आता म्हणालात.

योसाकु : आता काय उपयोग.

फुमिए : कागदाचं काय करायचं? नुसतं खोडून भागणार नाही. का खोडलं म्हणून विचारेल. तिचा स्वभाव माहीत आहे तुम्हाला.

योसाकु : सांगू की, नगरपालिकेचा नवीन नियम आलाय. पाट्या घ्यायच्या नाहीत.

फुमिए : अजून एक खोटं? कागदावरून पुसलं जाईल, तिच्या डोक्यातून नाही. ज्या दिवशी खरंच हलेल त्या दिवशी ती जाईल मागे. बापासारखी. आणि तुम्ही-मी वर उभे असू.

योसाकु : खरं सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. ह्या घरात तेवढी एकच माझ्याशी हसून बोलते.

फुमिए : माझंही नाही बघणार. पण वर तर राहील.

(दार सरकतं. सुझुनो सरावावरून आलीय, एका पायातला बूट अजून निघालेला नाही. आत दोघंही बिस्किटांकडे बघतायत, पण खात कुणीच नाही.)

सुझुनो : मी आले! आज पळण्यात मला कुणी गाठू शकलं नाही. कागदावर शिक्के मारलेत का? उद्या द्यायचाय.

योसाकु : नाही मारले. ये, बस इथे.

सुझुनो : का? काय चुकलं?

योसाकु : तुझं काही चुकलं नाही. तुझे बाबा शेजारच्या आजींना आणायला गेले नव्हते, सुझुनो. ते मी रचून सांगितलं. त्याला मी पाठवला. रागावून पाठवला, पाट्या आणायला.

फुमिए : आणि पाट्या पिशवीत नव्हत्या, कारण मी काढून ठेवल्या होत्या. मी तेव्हा बोलले असते तर ते गेलेच नसते. मी बोलले नाही.

(सुझुनो पायात राहिलेला बूट काढते आणि दुसऱ्याशेजारी नीट लावून ठेवते.)

फुमिए : बाळा, रागाव हवं तर.

सुझुनो : बाबांना सापडल्या का मग त्या?

योसाकु : सापडल्या. त्याला शोधून आणला तेव्हा जॅकेटच्या आत होत्या. दोन्ही.