नेड्राला न दिसलेलं घुबड

अमेरिकेत, युटातल्या दऱ्यांच्या मुलखात, एस्कलांटे गावच्या बेकरीत लुएला रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. दोघांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या आणि बुटांवर लाल माती. म्हातारा बायकोला म्हणत होता ते लुएलाला ऐकू येत होतं.

"नेड्रा, घुबड दिसलं म्हणून आनंदानं ओरडत आलीस, आणि कुठे विचारल्यावर तोंड मिटून बसलीस. पक्षी बघणाऱ्यांचा अख्खा कॅम्प हसला तुला."

"हसू देत."

"हसू देत काय? ठिपकेवाल्या घुबडाचा फोटो आहे तुझ्याकडे, दोन पिल्लांसकट! दाखव आणि बंद कर त्यांची तोंडं."

"फोटोत मागचा कडा दिसतोय, थेन. ती दरी लगेच ओळखतील. उद्या घरट्याखाली जत्रा भरेल. आई बुजून उडून गेली, तर पिल्लांनी काय करायचं?"

"अगं, निम्मं आयुष्य शोधत होतीस ना ते?"

"होते की. आणि सापडलं."

"पण कुणाला कळणारच नाही?"

"तुला कळलं ना?"

 थेननं तिच्या पाठीवरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

तेवढ्यात कॅम्पचा म्होरक्या आत आला. "काय नेड्राबाई, आठवली का जागा? आम्ही निघतोच आहोत."

नेड्रा काही म्हणायच्या आत थेन ताठ उभा राहिला.

"घुबड नव्हतंच हो ते. मीही होतो बरोबर. आमच्या दोघांचीही नजर फसली."

म्होरक्या खो खो हसत बाहेर गेला. थेननं बायकोला हळूच पुढे केलं आणि काउंटरवरच्या मुलीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आधी आमच्या बाईसाहेबांना काय हवं ते विचार."