तलवार दुसऱ्याला, मलमपट्टी मला

...न्हाई, मला सांगा, मी काय हातपाय नसलेला माणूस हाय व्हय? सारी जवानी मिलिटरीत घातली, पर कुठं? तर दवाखान्याच्या तंबूत! पोरं बंदुका घेऊन म्होरं पळायची आन् मी मागं, पट्ट्यांचं बंडल घेऊन. पेन्शन घेऊन कुंडलला आलो, तर हितं घरटी एक फौजी. ज्यो-त्यो आपली लढाई सांगतोय, आन् मी तोंड उघडलं की त्यातलाच एक, जोतीराम, म्हणतोय, "लाला, तू कुठं लढलास रं? तू मागंच हुतास." आता खरं हाय म्हणा... पर चारचौघांत सांगायचं कशाला?

त्यात अठ्ठ्याहत्तर साली आलं ते अमेरिकन पोरगं. रिचर्ड त्येचं नाव. आमच्याकडच्या पाणीयोजनेचा अभ्यास करायचा हुता त्येला. ऱ्हायला माझ्याकडं, कारण आमची मालकीण गेल्यापासनं खोल्या मोकळ्याच, लेक पुण्याला, त्यो काय दिवाळी सोडून फिरकत न्हाई. तर ह्या रिचर्डनं एक खेळ आणलावता. तुमाला सांगतो, असला खेळ बापजन्मात बघितला न्हाई! सोंगट्या न्हाईत, पत्तं न्हाईत, नुसतं बोलायचं! त्यो डोळं मोठं करून सांगणार, "तुमी गुहेत हाय. म्होरं राक्षस हाय. काय करणार?" आपण सांगायचं, आन् फासा टाकायचा. फासा तरी कसला, वीस बाजूंचा! हातातनं सुटला की पार उंबऱ्यापतुर गडगडत जायचा.

खेळायला आमी चौघं, मी, जोतीराम, आमचा जैनाचा जिनपाल आन् आकाराम पाटील. पर आदी ज्येनं-त्येनं आपलं सोंग निवडायचं. एक लढणारा, एक मंतरवाला, एक चोर, आन् एक जखमा बऱ्या करणारा. म्हटलं लाला, आली गड्या तुझी येळ! तलवार मागायला तोंड उघडतोय तवर जोतीराम वरडला, "मी लढणार!" जिनपाल म्हणाला, "आमच्यात हिंसा चालत न्हाई, मी मंतर टाकून निजवीन राक्षसाला." आन् खरंच निजवायचा हो! मग जोतीराम त्या निजल्याल्या राक्षसाला कापायचा, तवर जिनपाल भिताडाकडं तोंड करून बसायचा! ऱ्हायला आकाराम. त्यो फुगला, "आमच्या घरात पाटीलकी, आन् मी चोर?" पर एकदा खोटंखोटं कुलूप उघडलं आन् गडी असा रंगला म्हणता, चालू लढाईत राक्षसाचाच खिसा चाचपायचा!

आन् मी? रिचर्ड म्हणाला, "जखमा बऱ्या करणारा पाहिजेच, न्हाईतर सगळी मरणार." झालं! तिघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. "हाय की आमचा लाला! लाला, तू मागं थांब!"

बरं, थांबलो. म्हटलं निदान एक बारकी तलवार तरी द्या, कमरंला. तर रिचर्ड म्हणतोय, न्हाई, ह्येनं धारंचं हत्यार धरायचं न्हाई, सोटा घ्यायचा! आता काय म्हणायचं ह्या अमेरिकेला? लांब सातासमुद्रापलीकडं बसून त्यास्नी कुणी कळवलं वं, की कुंडलच्या लालाला तलवार देऊ नगा म्हणून?

रोज दिवेलागणीला समदी यायची. मी आपला चहा टाकायचो, शेंगा भाजायचो, आन् खेळ सुरू झाला की... "लाला, तू मागं थांब!" तासन् तास मला कोण इचारायचं न्हाई. तुमाला खोटं कशाला सांगू, मनातनं वाटायचं, लागू दे गड्या जोतीरामाला एखादी! कारण लागलं की समदी मागं वळायची, "लाला! आरं कुठं हाईस? मेलो की रं!" दिसभरात मला तेवढीच हाक यायची. मंग मी बी उगंच जरा येळ लावायचो...

रिचर्ड गेला. जाताना फासं माझ्याकडं ठेवून गेला. जोतीरामाला सांगलीत वॉचमनची नोकरी लागली. जिनपालनं तिकडंच हळदीचं दुकान टाकलं. आकारामाच्या बायकोला कुणीतरी सांगितलं, तुमचं मालक लालाच्या सोप्यात बसून कुलपं फोडत्यात... बंद झालं त्येचं येणं!

आता सोपा मोकळा, तलवार मोकळी. म्हटलं लाला, कोण हाय आता तुला मागं ठेवणारं? बसलो एकटाच. मीच सांगायचं, "म्होरं राक्षस हाय," आन् मीच वरडायचं, "हाण त्येच्या!" हाणला की. पडला राक्षस. पर शाबास म्हणायला सोप्यात चिटपाखरू न्हाई. एवढी तलवार मिळाली आन् लय वंगाळ वाटलं बघा.

तेवढ्यात शेजारच्या शालूबाई खराटा घेऊन दारात! "आवं भावजी, कुणाला हाणताय? घरात तर कोण न्हाई!" म्हटलं, "वैनी, खेळ हाय. बसा की घडीभर." खराटा टेकवून बसल्या उंबऱ्यावर. मी समदं समजावलं... लढणारा, मंतरवाला, चोर, जखमा बऱ्या करणारा. "तुमी कोण हुताय?"

बाईनं पदर खोचला, "तलवार हिकडं द्या."

आलं का ध्यानात! आता मी बी तलवार धरली असती, कोण अडवणार हुतं? पर दोघांनी तलवारी घेतल्या तर लागल्यावर बघायचं कुणी? आन् पयल्याच राक्षसानं बाईला मारलं, तर उद्या त्या कशाला येत्यात माझ्या दारात?

म्हटलं, घ्या वैनी तलवार. व्हा म्होरं. फकस्त लागलं-बिगलं तर... हाक तेवढी मारा.