शिशीतला मुनीम

गुलाम नबी : पाच डाव उघडलं मी झाकन. खोटं काहून सांगू? वाडीले उघडलं, कोंढाळीले उघडलं, तळेगावले चहा पेलो तवा उघडलं...

आरती : चाचा, खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, उघडू नका म्हणून.

गुलाम नबी : इंग्रजीत! अन् आतून धुपट निघून राहिलं होतं ना बावा. तीस वर्सं झाले, तुह्या बापाचे, नत्थुजीचे संत्रे मी शेंदूरजन्यावरून ट्रकात नेतो. विचार नत्थुजीले. मालातून वाफ निघाली का ताडपत्री उचलाव, हवा द्याव. नाई देल्ली तं खालचा थर सडते. मी म्हटलं, पोरीचा माल आहे, याचे लाड जास्त कराव.

आरती : ती वाफ नव्हती, चाचा. कोरडा बर्फ होता. तो उडून जातो, पाणी नाही होत त्याचं. काल तुम्ही खोकं इथल्या प्रयोगशाळेच्या शिपायाजवळ दिलं तेव्हाच आत बर्फ उरला नसणार. मी आज सकाळी पाहिलं तर काहीच नव्हता.

गुलाम नबी : तिवस्याच्या नाक्यावर हवालदार म्हने, खोक्यात काय आहे? म्हटलं, जिन आहे साहेब, मालकिनीनं अमरावतीले बलावला. अन् उचललं झाकन! धूर पाह्यला तसा तो बिचारा टोपी धरून मांगं सरकला. हा झाला पाचवा डाव. तो नसता उघडला तं चाललं असतं... हास ना वो.

आरती : नाही येत हसू.

गुलाम नबी : मंग मेला का तो मुनीम?

आरती : खराब झाला. ते प्रथिन बर्फातच टिकतं. शिशी खोलीतल्या हवेइतकी गरम होती. दोन वर्षं मी अर्ज करत होते त्याच्यासाठी.

गुलाम नबी : माह्या हातानं मेला. लिहून घे. गुलाम नबीनं मारला.

आरती : तुम्ही नका असं बोलू. तुमचा ट्रक नागपुरात रिकामा उभा होता म्हणून मीच सांगितलं, येताना विमानतळावरून घेऊन या. चूक माझी आहे.

गुलाम नबी : रिकामाच राहते आता. मांगच्या महिन्यात तं तुह्या बापाचे झाडंच नेले ना भरून, सरपनाले. बोरचं पानी पाताळात गेलं. नत्थुजी पाहाले बी नाई आले बाहीर. त्या दिसापासून माह्या डोक्यात एकच होतं, का झाडं गेले तं जाऊ दे, त्याच ओसरीत आरतीनं आपल्याले खुशखबर देल्ली होती.

आरती : मी खुशखबर म्हणून नव्हती दिली.

गुलाम नबी : तूच सांगितलं ना! मानसाच्या अंगात एक मोठी वही असते, तिच्यावरून चिठ्ठ्या उतरवतात. अन् एक मुनीम त्या चिठ्ठीतलं एखादं अक्षर बदलून देते, तवा कुठी काम बराबर होते. आमच्या नातीचा, उज्माचा मुनीम जन्मापासून अधू. म्हनून तापानंतर पोट्टीचे हातपाय आखडले. अन् तसाच धडधाकट मुनीम आता शिशीत भेटते. आहे का नाई पाठ?

आरती : आहे.

गुलाम नबी : अळीच्या पेशीत वाढवतात म्हनली होती. त्या रात्री मी घरी लय हासलो. सुनेले म्हटलं, अनीसा, ज्या जातीच्या अळीनं सोयाबीन खाल्लं, तिच्याच पोटातून अल्लानं आपल्या उज्मासाठी जिन्नस काढला!

आरती : अनीसाभाभींना सांगितलं तुम्ही?

गुलाम नबी : तं! बाहीर बाकावर बसल्या ना दोघी. सकाळच्या एसटीनं आनलं अचलपूरवरून. पोट्टीले सुई टोचाची म्हनून दूध-बिस्कुटाशिवाय काई नाई देल्लं.

आरती : चाचा... तुम्ही त्यांना टोचायला आणलं?

गुलाम नबी : मंग कायले? तसं नाई, आता बिघडलं, समजलं मले. दुसरी शिशी मागव तू. किती दिवस लागन?

आरती : चार-पाच महिने. पण—

गुलाम नबी : बस. चार महिने मी समजावतो घरी. या बारीले बर्फावर मी सोता बसतो, कोनाले हात लावू देत नाई.

आरती : दुसरी आली तरी ती उज्माला टोचता येणार नाही.

गुलाम नबी : काहून?

आरती : ते औषध नाहीये. काचेच्या नळीत ठेवून पाहायचं असतं. चांगला मुनीम कसा काम करतो अन् उज्मासारखा अधू कसा करतो, एवढंच. टोचलं तर रक्तातच मोडून जाईल, मेंदूपर्यंत पोचणारच नाही. उलट अपाय होईल.

गुलाम नबी : तू मले वाचवून राहिली.

आरती : नाही.

गुलाम नबी : म्हाताऱ्याले वाईट वाटू नये म्हनून बोलून राहिली. सरळ सांग ना, चाचा, तुमी बिघडवलं, नाई तं आज पोट्टी बरी झाली असती. मी आयकून घेतो.

आरती : तुम्ही एकदाही झाकण उघडलं नसतं, तरी आज मी तिला काहीच देऊ शकले नसते.

गुलाम नबी : मी बिघडवलं असन तं दुसरी तरी येते, आरती. तू म्हनते तसं असन तं काय येते?

आरती : ...वीस वर्षांनी कदाचित काही येईल. दुसऱ्या पोरांसाठी.

गुलाम नबी : म्हनजे आपलीसाठी नाई.

आरती : मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचा चेहरा असा खुलला, मला पुढचं बोलवलंच नाही. मग रोज वाटायचं, उद्या सांगू.

गुलाम नबी : एक काम कर. अनीसाले हे नको सांगू. नबीनं झाकन उघडलं, माल खराब झाला, एवढंच म्हन. तिले पटते. अचलपूरच्या बजारात इचार कोनालेबी, मी कोनाची काय काय खोडी केली थे. रागावन माह्यावर, चार दिस बोलनार नाई. बोलो नको. पन अनीसा दुसऱ्या शिशीची वाट तं पाहीन.

आरती : अन् दुसरी आल्यावर?

गुलाम नबी : तीबी बिघडवतो मी.

(अनीसा पाच वर्षांच्या उज्माला कडेवर घेऊन दारात येते.)

अनीसा : अब्बा, झोपली ही. किती येळ हाय आनखी?

गुलाम नबी : अनीसा, माह्यानं मोठी गडबड झाली. रस्त्यानं मी थे झाकन—

अनीसा : आयकलं मी. दार उघडंच हाय.

आरती : भाभी, बसा. मी सगळं नीट सांगते.

अनीसा : नको सांगू, बहीन. नागपूरच्या डाक्टरीनबाईनं सांगितलं मले, दिवाळीच्या पह्यले. म्हने, याच्यावर दवा नाई, जितके दिस हाय तितके लाडानं सांभाळा.

गुलाम नबी : दिवाळीपासून ठाऊक हाय तुले? अन् मी घरात नाचून राहिलो तवा बोलली काहून नाई?

अनीसा : ही आखडली तवापासून तुमी घरात कोनाशी मस्करी केली नव्हती, अब्बा. त्या दिवशी शेजारच्या गुलफामची चप्पल पान्याच्या टाकीवर लपवली तुमी. उज्मा खिदळली. लय दिसानं खिदळली. मंग मी कायले बोलू?

आरती : तरी आज एवढ्या लांब आणलं तिला?

अनीसा : अब्बानं रातीच तिकिटाचे सुट्टे पैसे काढून ठेवले होते. नाई कसं म्हनू?

गुलाम नबी : मले सांगाचं ना, बेटा. एकटीनंच...

अनीसा : घ्या, जरा तुमी घ्या तिले. माहे हात भरून आले.