हनुवटीवरचा ठिपका

मेहकरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मावशी आणि भाची बोलत होत्या.

“मोबाईलवर काय काढून राह्यली वं, सुचिता?”

“माहाच चेहरा, मावशी. स्पर्धा हाय. इटलीतलं पाचशे वर्षांपूर्वीचं एक चित्र हरवलं, त्याचं वर्णन तेवढं उरलं. ते वाचून आपला चेहरा तसा काढाचा.”

“अन् हनुवटीवर गोंदणाचा ठिपका काऊन? तुले कुठं हाय?”

“आईले होता ना. तूच सांगते.”

“होता. ती गेली, अन् एकच फोटो होता तिचा, त्यालेबी उधई लागली, सारा खाऊन टाकला.”

“म्हणून तं काढला. पाठवू आता?”

“थांब.”

“काऊन? आपली बस लागली.”

“लागू दे. ठिपका मधात नको, डाव्या अंगाले घे. तिचा तिथं होता.”