अस्वलावर झाडलेल्या गोळीबाबत पुरवणी जबाब

नाव हॅल्वर टोफ्टे, वय ५२ वर्षे, धंदा बंदुका व काडतुसांच्या दुकानात विक्रेता, राहणार बंदराजवळ, कोडियाक बेट, अलास्का.

मी आज दिनांक २७ नोव्हेंबर रोजी कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगतो की, दिनांक १० रोजी मी याच ठाण्यात दिलेला, अस्वल मी मारल्याचा जबाब खोटा आहे. अस्वल अग्राफिना मालुटिन, वय ६७, यांनी मारले. त्या माझ्या दिवंगत पत्नीच्या मावशी असून मीही त्यांना मावशीच म्हणतो.

मी बावीस वर्षे दुकानाच्या काउंटरवर उभा आहे. रिव्हॉल्व्हरला कोणती गोळी घ्यावी हे मी लोकांना सांगतो. न विचारणाऱ्यांनाही सांगतो. हरणासाठी पसरणारी गोळी, कारण ती आत जाऊन फुलते. अस्वलासाठी कडक शिशाची, चपट्या तोंडाची, कारण पसरणारी गोळी त्याच्या चरबीत आणि खांद्यातच अडकते, आणि कडक गोळी हाड फोडून पार जाते. हे खरे आहे. मला तेवढेच येते.

दिनांक ९ रोजी सकाळी आठ वाजता मावशींच्या पुतण्याने आम्हा दोघांना बोटीने आल्डर खाडीत सोडले. मावशींना हिवाळ्यासाठी हरणाचे मांस हवे होते. मी त्यांच्या रक्षणासाठी जाणार आहे, असे मी दुकानात आधीच सांगून ठेवले होते. बोटीत मी मावशींना माझी पद्धत समजावली. पहिल्या दोन गोळ्या पसरणाऱ्या, जखमी हरणासाठी. पुढच्या चार कडक, अस्वलासाठी. मावशी म्हणाल्या, "म्हणजे अस्वलाने दोन गोळ्या होईपर्यंत थांबायचं का रे?" मी हसलो. त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही गोळ्या एकसारख्या होत्या, स्वयंपाकघरात शिसे वितळवून स्वतः ओतलेल्या. मी म्हणालो, "मावशी, असल्या गोळ्या आता संग्रहालयात ठेवतात." पुतण्याही हसला.

अकराच्या सुमारास मावशींनी रायफलने एक हरीण पाडले. रायफल झाडाला टेकवून त्या हरीण सोलायला बसल्या. रायफल वीस पावलांवर होती. मी पहाऱ्यावर होतो. पहारा म्हणजे मी एका दगडावर बसून सँडविच खात होतो.

अस्वल माझ्या पाठीमागच्या झुडपातून आले. मी रिव्हॉल्व्हर काढून दोन गोळ्या झाडल्या. पहिली चिखलात गेली. दुसरी त्याच्या खांद्याला लागली व त्याने नुसते अंग झटकले, हे मी पाहिले. त्यानंतर मी पाहिलेले नाही, कारण मी जमिनीवर पालथा पडून दोन्ही हात मानेवर ठेवले व डोळे मिटले. कडक चार गोळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये तशाच होत्या. रिव्हॉल्व्हर माझ्या पोटाखाली होते.

मला मावशींचा आवाज आला. त्या ओरडत नव्हत्या. त्या अस्वलाशी आपल्या मातृभाषेत, बेटावरच्या जुन्या भाषेत बोलत होत्या. मग एक बार झाला. मग "ऊठ हॅल्वर, झालं," असे ऐकू आले. मी उठलो तेव्हा मावशींचा डावा हात मेलेल्या अस्वलाच्या जबड्यात होता व उजव्या हातात त्यांचे रिव्हॉल्व्हर होते. जबडा आम्ही दोघांनी उघडला.

मी जखमेला माझा शर्ट बांधला. एवढे मी नीट केले. बोट आली तोवर मावशींची शुद्ध हरपली होती. पुतण्याने विचारले, "कोणी मारलं?" मी म्हणालो, "मी." का म्हणालो ते मला सांगता येत नाही. मावशींना विमानाने मोठ्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी मी इथे येऊन तेच सांगितले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. दुकानात गर्दी वाढली.

काल दुपारी तीन वाजता मावशी हात गळ्यात बांधून दुकानात आल्या. सात-आठ गिऱ्हाइके होती. त्या म्हणाल्या, "हॅल्वर, या लोकांना सांग की, अस्वलाला कुठली गोळी लागली?" मी सांगू लागलो. कडक शिसे, चपटे तोंड, हाड फोडून पार. मी दहा मिनिटे बोललो. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, "मावशी, मी उद्या ठाण्यात जातो." त्या म्हणाल्या, "जा. पण आधी जेव." सामन माशाचे पिरोक, म्हणजे मासा व भात भरून भाजलेली जाड पोळी, होते. मी जेवायला बसलो. त्या म्हणाल्या, "भीती सगळ्यांनाच वाटते रे. मलाही वाटली. पण मी तिकडे इस्पितळात पडले होते, आणि तू इथे फोटो काढून घेत होतास." मग त्यांनी मला दुसऱ्यांदा वाढले.

खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगण्यात आले आहे व माझी तक्रार नाही. विनंती एवढीच की, मावशींचा हात दोन महिने चालणार नाही आणि त्यांच्या अंगणात हिवाळ्याची लाकडे न फोडता पडली आहेत. ती मी शनिवारी व रविवारी फोडणार आहे. अटक करायची असल्यास सोमवारी करावी.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. "पालथा पडून" हे शब्द राहू द्यायचे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर असून या खेपेस खरा आहे.