पाणी हवंय का, बाबा?

— नाही, नाही, बंद नका करू साहेब, चालू राहू दे. रडतेय कुठे? ही पर्सिमनची फळं सोलून हात चिकट झालेत, म्हणून बाहीनं तोंड पुसलं, एवढंच. तुम्ही जरा इकडे सरका बघू — तिथं जमीन गार आहे, या कोपऱ्यात ऊब असते, हेही इथंच बसायचे. बँकेच्या चौकशीसाठी सोलहून एवढे लांब आलात, मला वाटलं कागद काढाल, सही मागाल, आणि जाल. तर तुम्ही तो लॅपटॉप उघडलात आणि त्यातनं एकदम ह्यांचा आवाज! गेल्या थंडीत गेले, तेव्हापासून या घरात त्यांचा आवाज नव्हता हो. फोटो आहेत, कपडे आहेत, चपला आहेत. आवाज कोण ठेवतं? बँकेनं ठेवला. बघा, बँकेनं काहीतरी जपून ठेवलं आमचं.

ऐका, कसे म्हणतात — ‘समजलं!’ खणखणीत. बँकेतली ती ओ सू-ग्योंग फंड विकताना वाचतेय, सगळं मुद्दल बुडू शकतं, समजलं का बाबा — की हे, ‘समजलं!’ परदेशातलं व्याज खाली आलं तर फंड खाली येईल — ‘समजलं!’ तुम्ही हसू नका, सगळी हयात सांगजूच्या स्टेशनात गेली त्यांची. रेल्वेत तसंच असतं, समोरच्यानं ओरडून सांगितलं की आपण बोट दाखवून तसंच ओरडून जबाब द्यायचा — सिग्नल हिरवा! — हिरवा! घरीही तेच. मी म्हणायचे भात झाला, की हे आतून बोट दाखवून — भात झाला! नवी नवरी होते तेव्हा बाहीत तोंड खुपसून हसायचे मी. सासूबाई म्हणायच्या, हिला वेड लागलंय.

समजलं होतं का म्हणता? न समजायला काय झालं? माझा नवरा पे जोंग-सोक म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता, साहेब. ह्यांच्या पाळीत एक गाडी कधी चुकीच्या रुळावर गेली नाही. आणि तुम्हीच आत्ता काय सांगितलंत — ह्यांना समजलं होतं असं ठरलं तर बँक चणेफुटाणे देणार, आणि समजलं नव्हतं असं ठरलं तर बुडालेले बरेचसे पैसे परत मिळणार. म्हणजे नवरा शहाणा ठरवायचा तर मी या वयात दुसऱ्यांची पर्सिमनं सोलत बसायची, आणि सुखाचा घास खायचा तर त्याला अडाणी म्हणायचं. छान आहे तुमचा न्याय! मी नाही म्हणणार. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

हां — ते? ते पाण्याचं? ‘पाणी हवंय का, बाबा?’ — ‘समजलं!’ …थट्टा हो ती. थट्टेखोर होते फार.

काय? बंदी? असले फंड साध्यासुध्या माणसांना विकायलाच नकोत, असा नियम करावा का — मला विचारता? अहो, हे असते तर झाडू घेऊन मागे लागले असते तुमच्या. माझे पैसे, मी पेरीन नाहीतर जाळीन, सोलवाल्यांनी मला का शिकवावं, म्हणाले असते. आणि त्यात खोटं काय? पैसेवाल्यानं बुडवले तर ते धाडस, आणि सिग्नलवाल्यानं बुडवू नयेत म्हणून त्याला दाराबाहेर उभं करायचं — अपमानच आहे तो. मलाही राग आला असता. …पण बंदी असती, तर काय झालं असतं? बँकेतून परत पाठवलं असतं, घरी येऊन आदळआपट केली असती, जेवले नसते, सरकारला शिव्या घातल्या असत्या. घालू देत की! शिव्या घालायला राहिले तरी असते. वाचून दाखवायचा नियम केलात तुम्ही — वाचलं तिनं. विचारायचा नियम केलात — विचारलं. टेप करायचा केलात — केली. एक नियम मोडला नाही त्या पोरीनं, आणि जर्मनीतलं व्याज घसरलं म्हणून सांगजूतला माणूस अंथरुणाला लागला. घाला बंदी. घाला जाऊ दे.

पैसे गेल्यावर भांडलेसुद्धा नाहीत हो. रोज दाढी करून बँकेत जायचे, तिची बदली झालेली, तर नुसते बाकावर बसून परत यायचे. मी म्हणायचे, अहो, निदान कानाचं मशीन तरी लावून जा, कोणी काही बोललं तर कळेल —

…काही नाही. कसलं मशीन? असंच बोलून गेले मी. लिहू नका. लिहिलंत? खोडा ते. साहेब, खोडा! अरे बाळा, तुला काय सांगू — इंजिनाच्या शिट्ट्यांनी कान गेले होते त्यांचे. पण तिच्यासमोर लावायचे नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही, आणि ती बाबा बाबा करायची, सणाला भेट म्हणून तेलाच्या बाटल्यांचा खोका घेऊन यायची. बाप म्हातारा दिसू नये तिला, असं वाटायचं त्यांना. खिशात ठेवायचे मशीन. तिचे ओठ थांबले की म्हणायचे — समजलं. एवढंच. मूर्ख नव्हते ते. कोणीतरी बाबा म्हणत होतं, एवढंच.

परत लाव. फक्त पाण्याचं. एकदा लाव, मग जा.

…थांब. ते काय होतं? त्यांच्या ‘समजलं’च्या मागून काय आलं? परत लाव.

हसली ती.

परत लाव. — हसली. पाणी हवंय का विचारलं, हे समजलं म्हणाले, ती हसली, आणि — ऐक — आणि पुढचं वाचायला लागली. थांबली नाही. बाबा, ऐकू येतंय ना, असं विचारलं नाही. म्हणजे तिला कळलं होतं. आणि मी वेडी, इतके दिवस ह्यांचीच लाज झाकत बसले.

खोडलंस का? नको खोडू. लिही. ह्यांना ऐकू येत नव्हतं असं लिही, आणि तिला ते माहीत होतं, तेही लिही. एकाला एक लागून लिही. नुसतं पहिलं लिहिलंस तर मी सही करणार नाही.

दे इकडे, केली सही. आता उठ, तुझी गाडी चुकेल. ही पर्सिमनं घे वाटेत खायला. नाही, आता काही विचारू नकोस मला. …हो. निकाल लागला की कळवशील. हो.

समजलं.